प्रार्थनेत स्तुती आणि आराधना: उपासनेनंतर नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी पाळक नाही, ईशज्ञानाची पदवीही माझ्याकडे नाही. एका प्रोटेस्टंट मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पेटी वाजवतो, एवढंच. पण उपासना संपल्यावर पेटीवाल्यापाशी लोक रेंगाळतात. पाळकसाहेबांना विचारायला जे संकोचतात, ते पेटीवर कापड टाकता टाकता मला विचारतात. तेच ते प्रश्न इतक्यांदा आले की शेवटी उत्तरं लिहून काढली. माझं कुठे चुकत असेल तर पवित्र शास्त्र उघडून पडताळून पाहा. संदर्भ त्यासाठीच दिले आहेत.

देवाला स्तुती लागते कशाला? त्याला स्वतःचं कौतुक ऐकायला आवडतं का?

हा प्रश्न बहुधा कॉलेजातली मुलं विचारतात, आणि विचारून झाल्यावर जीभ चावतात. चावायची गरज नाही. स्तोत्र ५० मध्ये देव स्वतःच सांगतो की मला भूक लागली तरी मी तुला सांगणार नाही, कारण जग आणि त्यातलं सगळं माझंच आहे. म्हणजे आपल्या स्तुतीवाचून त्याचं काही अडत नाही. कॅथलिकांच्या मुख्य उपासनेतल्या, म्हणजे मिस्साविधीतल्या, एका प्रार्थनेत हेच फार सुंदर आलं आहे. तिचा आशय असा: तुला आमच्या स्तुतीची गरज नाही, तरी तुझे आभार मानावेसे वाटणं हीदेखील तुझीच देणगी.

घोटाळा होतो तो आपल्या सवयीमुळे. ऑफिसात साहेबाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं आणि तो वर पोचला की रजेचा अर्ज पुढे करायचा, हे आपण रोज बघतो. मग प्रार्थनेतही पहिली पाच मिनिटं 'तू महान, तू थोर' आणि लगेच 'आता माझं काम बघ'. मस्का मारणाऱ्याची नजर साहेबावर नसतेच, ती अर्जावर असते. स्तुतीत नेमकी ती नजर हलते.

माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. तबलजी अवघड तिहाई घेऊन समेवर आला की आपली मान हलते, तोंडातून 'वा' निघतं. त्या 'वा'ने तबलजी मोठा होत नाही. पण मान हललीच नाही, तर आपण ऐकतच नव्हतो असं समजावं.

स्तुती, आराधना, उपासना, उपकारस्तुती: सगळं एकच ना?

बोलताना आपण सरमिसळ करतो. नगर-जालन्याकडच्या जुन्या मंडळ्यांत 'उपासना' म्हणजे रविवारची भक्ती. नव्या फेलोशिपमध्ये 'आराधना' म्हणजे संदेशाआधीचा गाण्यांचा अर्धा-पाऊण तास. वसईत 'मिस्सा' म्हटलं की त्यात सगळंच आलं.

मुळात मात्र फरक आहे. जुन्या करारात आराधनेसाठी जो हिब्रू शब्द वारंवार येतो त्याचा अर्थ खाली वाकणं, दंडवत घालणं. म्हणजे आराधना आधी गुडघ्यांची आणि कपाळाची. स्तुती तोंडाची: 'हालेलूया' म्हणजे 'याहची स्तुती करा', आणि याह हे परमेश्वराच्या नावाचं छोटं रूप. गंमत म्हणजे ती आज्ञा आहे, आणि अनेकवचनी. एकटा माणूस खोलीत 'हालेलूया' म्हणतो तेव्हाही तो कोणाला तरी बोलावतच असतो.

उपकारस्तुती मिळालेल्या गोष्टीबद्दल, स्तुती देणाऱ्याबद्दल. पण हा फरक फार ताणू नका. लूक १७ मध्ये दहा कुष्ठरोगी बरे झाले. परत आला तो एकटा शोमरोनी, म्हणजे यहुद्यांनी परका मानलेला. तो मोठ्याने देवाचा गौरव करत आला, येशूच्या पायाशी पालथा पडला आणि त्याचे आभार मानले. स्तुती, आराधना, उपकारस्तुती, तिन्ही त्याने दोन ओळींत उरकली. व्याख्या त्याला कोणी विचारल्या नाहीत.

प्रत्येक प्रार्थनेची सुरुवात स्तुतीनेच करायला हवी का?

चांगली सवय आहे, नियम नाही. प्रभूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत 'तुझे नाव पवित्र मानले जावो' आधी येतं आणि 'आमची रोजची भाकर' नंतर (मत्तय ६). हा क्रम सहज पडलेला नाही. भाकरीपासून सुरुवात केली की मन भाकरीतच अडकतं. माझं तरी अडकतं.

पण येशूचा शिष्य पेत्र पाण्यात बुडायला लागला तेव्हा त्याने आधी गौरवगीत म्हटलं नाही. 'प्रभूजी, मला वाचवा' एवढंच ओरडला, आणि येशूने लगेच हात पुढे केला. येशूने सांगितलेल्या दृष्टांतात मंदिरातला जकातदारही एका वाक्यात थांबला: हे देवा, मज पाप्यावर दया कर. त्याच दृष्टांतातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा, बघा. त्याची प्रार्थना अगदी रीतसर, उपकारस्तुतीनेच सुरू होते: देवा, मी इतरांसारखा नाही म्हणून तुझे आभार मानतो. आभार देवाचे आणि स्तुती स्वतःची. असली उपकारस्तुती आपल्याकडे साक्षीच्या वेळी, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उठून सांगताना, बऱ्याचदा ऐकू येते. मीही दिलेली आहे.

प्रभूच्या प्रार्थनेचा शेवट काहीजण म्हणतात, काहीजण म्हणत नाहीत. का?

'राज्य, सामर्थ्य आणि गौरव ही सर्वकाळ तुझीच आहेत' ही ओळ मत्तयाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत सापडत नाही, आणि लूक ११ मधल्या छोट्या पाठात तर नाहीच. प्रार्थना स्तुतीने संपवायची ही यहुदी लोकांची जुनी रीत होती, पहिल्या ख्रिस्ती मंडळीने ती चालू ठेवली. कॅथलिक मिस्सातही ही ओळ आहे, फक्त मध्ये धर्मगुरूची एक छोटी प्रार्थना येते. त्यामुळे संयुक्त प्रार्थनासभेत वसईचे कॅथलिक पाहुणे 'वाइटापासून सोडव' म्हणून थांबतात, आम्ही धावत पुढे जातो आणि मग एकमेकांकडे ओशाळून बघतो. दोघांचंही बरोबर आहे.

मन दुःखाने भरलेलं असताना स्तुती करणं हे ढोंग नाही का?

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे.

आमच्या घरी एक मृत्यू झाला होता. तिसऱ्या दिवशी प्रार्थनेला जमलेल्यांपैकी एकाने घरच्या बाईला हात वर करून 'हालेलूया' म्हणायला लावलं. तिने म्हटलं. नंतर स्वयंपाकघरात जाऊन ती कितीतरी वेळ नळ सोडून उभी होती. त्या दिवसापासून मी कोणाच्याही दुःखात स्तुतिगीताचा सूर आपणहून धरत नाही. घरचे सांगतात तेव्हाच धरतो.

शास्त्र काय म्हणतं? स्तोत्रसंहितेचं हिब्रू नावच 'स्तुतिगीतं' असं आहे. मात्र उघडून वाचली की दीडशे स्तोत्रांत विलापाची स्तोत्रं इतर कुठल्याही प्रकारापेक्षा जास्त भरतात. म्हणजे ज्यांनी हा संग्रह बांधला, त्यांनी रडण्यालाही स्तुतीच्याच पुस्तकात जागा दिली. स्तोत्र १३ अवघ्या सहा ओव्यांचं. त्याच्या पहिल्या दोन ओव्यांत 'कुठवर' हा प्रश्न चारदा येतो आणि शेवटी गाणं येतं. स्तोत्र २२ 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' असं सुरू होतं. प्रभू येशूने वधस्तंभावर हेच शब्द उच्चारले. ते स्तोत्रही पुढे मंडळीच्या मधोमध उभं राहून स्तुती करण्यापर्यंत पोचतं.

पण प्रत्येक स्तोत्र पोचत नाही, आणि हे व्यासपीठावरून फारसं सांगितलं जात नाही. स्तोत्र ८८ अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. त्यात शेवटची कलाटणी नाही, 'तरीही' नाही. ज्याने ते लिहिलं तो रात्रंदिवस देवालाच हाका मारतो आहे, बस. कोणी संपादकाने त्याला शेवटी स्तुतीची एक ओळ जोडली नाही. ते जसंच्या तसं पवित्र शास्त्रात ठेवलं.

म्हणून माझं उत्तर: न वाटणारा आनंद तोंडाने म्हणणं हे ढोंग. पण 'तू देव आहेस, आणि मला तुझं काही कळत नाही' हे त्याच्याच तोंडावर म्हणणं ही आराधना आहे, कारण तोंड अजून त्याच्याकडेच आहे.

'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा' असं प्रेषित पौल म्हणतो. मग आजाराबद्दलही आभार मानायचे?

१ थेस्सलनीकाकरांस ५ मध्ये 'सर्व स्थितीत' असं आहे. स्थितीत असताना, स्थितीबद्दल नव्हे. अनेक जण इथेच थांबतात आणि सुटका झाल्याचा श्वास घेतात. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर इफिसकरांस ५ मध्ये 'सर्व गोष्टींबद्दल' असंही आहे, तेव्हा व्याकरणाने प्रश्न पुरता सुटत नाही. मला स्वतःला हबक्कूक संदेष्ट्याचा तिसरा अध्याय जास्त उपयोगी पडतो. अंजीर फुलत नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतून फसला, शेतं पिकली नाहीत, मेंढवाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत. एकामागून एक सहा नुकसानं तो मोजून सांगतो. 'सगळं ठीक आहे' असं एकदाही म्हणत नाही. मग म्हणतो, तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन. दुष्काळी पट्ट्यातल्या माणसाला ही यादी समजावून सांगावी लागत नाही. आणि शेवटची ओळ चुकवू नका: 'प्रमुख गवयासाठी, माझ्या तंतुवाद्यांवर'. हा पंचनामा लोकांनी गायलेला आहे.

स्तुती केली की बेड्या तुटतात, तटबंदी कोसळते असं सांगतात. खरं आहे का?

दोन गोष्टींचा दाखला नेहमी देतात. एक, यहोशाफाट राजा, ज्याने सैन्यापुढे गायक चालवले (२ इतिहास २०). दुसरी, फिलिप्पै इथल्या तुरुंगात मध्यरात्री गाणारे पौल आणि सीला (प्रेषितांची कृत्ये १६). दोन्ही घडलं असं मी मानतो. पण त्यातून सूत्र काढायचं असेल तर आधी पूर्ण अध्याय वाचा.

यहोशाफाट घाबरला होता. उपास जाहीर केला आणि सगळ्या लोकांसमोर कबूल केलं की काय करावं ते आम्हाला कळत नाही, आमचे डोळे तुझ्याकडे लागले आहेत. गायक त्यानंतर पुढे गेले, म्हणजे स्तुतीच्या आधी हतबलता कबूल झाली होती.

पौल-सीलाची तर पाठ फोडलेली, पाय खोड्यात. दारं उघडली आणि ते पळाले नाहीत, जागेवरच राहिले. सुटकेसाठी गात असते तर उघड्या दारातून आधी बाहेर पडले असते. पुढे पौल पुन्हा कैदेत पडला, आणि कैदेतूनच त्याने याच फिलिप्पैच्या मंडळीला पत्र लिहिलं. भूकंपाचा त्यात उल्लेखही नाही. आनंदाचा मात्र पानोपानी आहे.

स्तुती हे कुलूप उघडायचं अवजार आहे असं कोणी शिकवत असेल, तर तो घुमून फिरून हरभऱ्याच्या झाडापाशीच आला.

पेटी-तबला बरा की गिटार-ड्रम?

मला विचारताय? बरं, पक्षपात कबूल करून सांगतो.

मराठीत ख्रिस्ती स्तुती आजची नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले, आणि १६१६ साली त्यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं. त्याची सुरुवात कथेने होत नाही, नमनाने होते. आपल्या पुराणांच्या रीतीने ते आधी देवाला वंदन करतात आणि मग गोष्ट सांगायला बसतात. प्रार्थनेत स्तुती आधी का, हे मराठी माणसाला मंगलाचरणावरून जेवढं पटकन पटतं तेवढं प्रवचनाने पटणार नाही.

पुढे एकोणिसाव्या शतकात नगरला कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, मृत्यू १९१९ चा. या चोवीस वर्षांत त्यांनी जी भजनं, अभंग आणि पदं लिहिली, ती 'उपासना संगीत'मधून आजही दर रविवारी माझ्या बोटांखालून जातात. त्याआधीची बरीच गीतं इंग्रजी चालींवर मराठी शब्द बसवलेली होती. चाल चांगली, शब्द चांगले, पण ऱ्हस्व-दीर्घाची दोघांत भांडणं. टिळकांनी ओवी-अभंग घेतला आणि भांडण मिटलं. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत.

तर गिटारला माझी ना नाही. स्तोत्र १५० मध्ये कर्णा, सतार, वीणा, डफ, तंतुवाद्यं, बासरी आणि झांजा आहेत. झांजा तर दोनदा, आणि दुसऱ्यांदा मोठ्या आवाजाच्या. तेव्हा ड्रमवाल्या पोरांची बाजू भक्कम आहे. माझी अट एकच: मंडळीचा आवाज स्पीकरच्या वर ऐकू आला पाहिजे. आजीबाईंचे ओठ हलताहेत आणि आवाज फक्त मंचावरचा, ही मैफल झाली.

सगळ्यांनी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करणं योग्य आहे का? गोंगाट वाटतो.

पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जे संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृती, आलं, त्यात मुली अशाच एकत्र, मोठ्याने, रडत आणि गात प्रार्थना करत. बाहेरच्या काही लोकांना ते खटकलं. संस्कृताच्या पंडिता असलेल्या रमाबाईंनी मात्र ते दाबलं नाही. कुलीन रीतीपेक्षा त्या मुलींचं देवाशी चाललेलं बोलणं त्यांना मोलाचं वाटलं असावं. उलट बाजूने, पौल करिंथच्या मंडळीला सांगतो की मी आत्म्याने गाईन आणि बुद्धीनेही गाईन, आणि सगळं व्यवस्थितपणे होऊ द्या. दोन्ही लक्षात ठेवावं. ज्याला शांतता हवी त्याने पहाटे यावं.

हात वर करावे की जोडावे? गुडघे टेकावे का?

शास्त्रात सगळंच आहे. हात उंचावणं स्तोत्र १३४ मध्ये, गुडघे टेकणं स्तोत्र ९५ मध्ये, दाविदाचं नाचणं २ शमुवेल ६ मध्ये. आणि गप्प बसणंही आहे: स्तोत्र ६५ च्या पहिल्या ओळीचा हिब्रू शब्दार्थ घेतला तर 'तुझ्यापुढे मौन हीच स्तुती' असा निघतो. शेजारच्याचे हात कुठे आहेत हे दिसत असेल तर आपले डोळे उघडे आहेत, इतकंच.

देवाला 'तू' म्हणणं उद्धटपणा नाही का?

नाही. हिब्रू आणि ग्रीक मूळ पाठात आदरार्थी 'तुम्ही' असा प्रकारच नाही, आणि मराठीत विठोबालाही 'तू' आणि आईलाही 'तू'. 'तुझे नाव पवित्र मानले जावो' हे वाक्य 'आपले' घालून म्हणून बघा. सरकारी अर्ज वाटतो.

कॅथलिक लोक संतांची आराधना करतात का?

त्यांच्या शिकवणीनुसार नाही. आराधना फक्त देवाची. मरियेला आणि संतांना सन्मान, आणि 'आमच्यासाठी विनंती कर' अशी मागणी. मरियेचं स्वतःचं गीत (लूक १) तर 'माझा जीव प्रभूला थोर मानतो' असंच सुरू होतं.

प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळात, चर्चमध्ये 'आलेलूया' का म्हणत नाहीत?

कॅथलिक रीतीत राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या जागरणविधीपर्यंत हा शब्द बाजूला ठेवतात. चाळीस दिवस तोंडात न आलेला शब्द त्या रात्री पहिल्यांदा गायला जातो, तेव्हा त्याची चव काही औरच असते. आम्हा प्रोटेस्टंटांत हा शब्द बारा महिने वापरून पार गुळगुळीत झाला आहे, त्यामुळे या एका बाबतीत मला वसईकरांचा हेवा वाटतो.

देवाला न आवडणारी स्तुती असते का?

असते. आमोस संदेष्टा मुळात तकोवाचा मेंढपाळ, त्याच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात देव म्हणतो की तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापासून दूर करा, तुमच्या वीणांचे सूर मी ऐकणार नाही. न्याय पाण्याप्रमाणे वाहू द्या. गाणारे बेसूर होते म्हणून नव्हे. हेच लोक वेशीत गरिबाचा न्याय विकत होते. मरियेच्या ज्या गीताचा वर उल्लेख केला त्यातही सत्ताधारी सिंहासनावरून खाली येतात आणि भुकेले तृप्त होतात. मजुराची मजुरी थकवून रविवारी वरच्या पट्टीत गाणाऱ्यांसाठी मी पेटी वाजवतो तेव्हा मला आमोसची आठवण येते, आणि मानधन घेतो तेव्हा जरा जास्तच येते.

स्तुती करायला बसलं की शब्दच सुचत नाहीत. दर तिसऱ्या शब्दाला 'प्रभू, प्रभू' होतं. काय करावं?

स्तोत्र ११७ उघडा. दोनच ओव्यांचं, सगळ्यांत छोटं. पहिल्या ओवीत 'स्तुती करा', दुसऱ्या ओवीत 'कारण'. स्तोत्रांची स्तुती बहुधा अशीच चालते. विशेषणांच्या राशीपेक्षा कारणावर जोर. तेव्हा 'तू महान आहेस' म्हटलं की तिथेच थांबून स्वतःला विचारा, कशावरून? 'काल रात्री ताप उतरला', 'भांडणानंतर भावाने फोन उचलला', 'मी विसरलो होतो आणि तू विसरला नाहीस'. अशी तीन कारणं निघाली की पुरे. स्तोत्र १३६ मध्ये सव्वीस ओव्यांत सव्वीस वेळा 'कारण त्याची दया सनातन आहे' येतं. घरात एकाने कारण सांगायचं आणि बाकीच्यांनी हे पालुपद म्हणायचं, असं छान जमतं.

लहान मुलांना हे कसं शिकवावं?

स्तोत्र १४८ घ्या. सूर्य, चंद्र, गारा, हिम, डोंगर, फळझाडं, रांगणारे जीव, पाखरं, सगळ्यांना नावाने बोलावून स्तुती करायला लावलं आहे. मुलांना म्हणायचं, यात आपल्या घरचं कोण कोण राहिलं ते सांगा. आमच्या शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या वर्गात, एका मुलाने चुलीवरचं मांजर सांगितलं, आणि मग हे मांजर पाळीव की रानटी यावर वर्गात वाद झाला. स्तोत्रात वनपशू आणि ग्रामपशू दोन्ही आहेत, त्यामुळे ते बसलं.